खोडलेलं उदाहरण

मंगळवार, रात्री

गठ्ठा तपासून झाला, याद्या भरून झाल्या, तरी एका असाइनमेंटमधली ओळ काही डोक्यातून जात नाही. ओळ तरी कसली, अर्धीच. 'आमच्या गावात सोसायटीची निवडणूक कायम बिनविरोध होते. कोणी फॉर्म भरत नाही कारण' आणि इथं पेन थांबलंय. (सोसायटी म्हणजे गावातली पीककर्ज देणारी सहकारी संस्था.) मग त्या सगळ्यावर एक आडवी रेघ. गिरगटलेलं नाही, शाई फासलेली नाही. पट्टी लावून मारावी तशी सरळ रेघ, खालचं अक्षर न् अक्षर लागतं. आणि त्याखाली नेहमीचं: 'उदा. अमेरिकेतील न्यू हेवन शहरात रॉबर्ट डाल यांनी...' गाईडमधलं जसंच्या तसं, गाईडमधल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसकट.

राज्यशास्त्राचा प्रश्न होता, 'सत्तेच्या तीन बाजू सोदाहरण स्पष्ट करा.'

खोडलेलं तपासायचं नाही, हा नियम. मी तपासलं नाही. जे उरलं होतं त्याला मार्क दिले. तरी बोच राहिली ती राहिलीच.

त्यात गंमत अशी, की खोडलेलं उदाहरण बरोबर होतं आणि ठेवलेलं अर्धंमुर्धं. डाल हा अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ. त्यानं न्यू हेवनमधले तीन विषय धरले: पक्षांच्या उमेदवाऱ्या, शहराचा पुनर्विकास आणि सरकारी शाळा. प्रत्येक निर्णयात प्रस्ताव कोणी आणला, विरोध कोणी केला आणि शेवटी कोणाचं चाललं, एवढंच तो नोंदवत गेला. ही सत्तेची पहिली बाजू. 1961 ला निष्कर्ष मांडला, की एकाच कंपूचं सगळीकडे चालत नाही, विषयागणिक माणसं बदलतात. पद्धत स्वच्छ आहे, विद्यार्थ्यांना आवडते, पाठही पटकन होते. पण तिला भांडण लागतं. प्रस्ताव हवा, विरोध हवा, कोणीतरी हरायला हवं. जिथं फॉर्मच भरला जात नाही तिथं डालची वही कोरी. पुढच्याच वर्षी, 1962 ला, बॅकरॅक आणि बरॅट्झ या दोघा अभ्यासकांनी नेमकं यावर बोट ठेवलं: विषय टेबलावर येऊच न देणं हीसुद्धा सत्ताच. म्हणजे दुसरी बाजू. या पोरीनं दुसऱ्या बाजूचं अस्सल उदाहरण लिहिलं, खोडलं आणि तिथं पहिल्या बाजूचं आणून बसवलं.

का खोडलं असेल?

कोणीतरी सांगितलं असेल, 'घरचं काही लिहू नको, मॅडमना गाईडचंच लागतं.' शक्य आहे. हॉस्टेलच्या खोलीत एका पुस्तकावर चौघी लिहितात. किंवा तिला स्वतःलाच वाटलं असेल, हा कागद फिरत फिरत कुठे जाईल काय सांगावं. कॉलेजात कोण कोणाच्या भावकीतला, कोणाचा चुलता कुठल्या पॅनेलात, हे इथं आडनावावरून आणि गावावरून दोन मिनिटांत निघतं. किंवा तिसरं. गावातली सोसायटी हे 'उदाहरण' होऊ शकतं असं लिहिता लिहिता तिला वाटलं आणि लगेच वाटेनासं झालं. ज्ञान म्हणजे न्यू हेवन. आपलं ते आपलं, ते काय पेपरात लिहायचं. हे तिसरं मला सगळ्यात जास्त लागतं. ल्यूक्स या अभ्यासकानं 1974 ला तिसरी बाजू मांडली ती हीच. कोणी अडवलं नाही, कोणी धाक घातला नाही, आपल्याकडे सांगण्यासारखं काही आहे हेच मनातून गेलेलं.

अधिमान्यतेच्या, म्हणजे लोक सत्ता का मानतात त्याच्या, धड्याला मात्र हाच वर्ग घडाघडा बोलतो. वेबर सांगताना पत्री सरकार घेतलं की हात वर होतात. 1943 ते 46, तेव्हाचा सातारा जिल्हा, म्हणजे आपल्या सांगलीचाही बराच भाग आला. जिल्हा 1949 ला दक्षिण सातारा म्हणून वेगळा निघाला आणि 1960 ला सांगली झाला. कायद्यानं सरकार इंग्रजांचं, पण भांडण घेऊन लोक जायचे प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळाकडे. कायदेशीर असणं आणि लोकांनी मानणं यातला फरक यापेक्षा स्वच्छ कुठं सापडणार नाही. कुंडलची, येडेमच्छिंद्राची मुलं पणजोबांचं नाव सांगतात. पायाला पत्रे ठोकण्याचंही सांगतात, अभिमानानं, मग मला मध्येच थांबवून विचारावं लागतं, की ही वैध हिंसा की अवैध, आणि ठरवणार कोण. तास रंगतो. म्हणजे गावचं उदाहरण चालतं, फक्त ते ऐंशी वर्षांपूर्वीचं पाहिजे. मागच्या वर्षीचं नको.

'कारण'च्या पुढे काय असेल ते मी आज संध्याकाळभर मनात लिहितेय. लिहिता येतंच. सोसायटी दिसते लहान, 13 संचालक आणि एक गटसचिव. पण जिल्हा बँकेच्या निवडणुकीत सोसायटीतर्फे मत कोणी द्यायचं याचा ठराव संचालक मंडळ करतं. म्हणून तालुक्याच्या नेत्याला गावातली सोसायटी लागते. ठरावासाठी माणसं सहलीला नेल्याच्या बातम्या येतात त्या उगाच नाहीत. आता फॉर्म भरायचा तर उमेदवार थकबाकीदार नको. पीककर्ज 31 मार्चच्या आत भरलेलं दिसलं पाहिजे. बरेच जण हातउसने घेऊन भरतात आणि एप्रिलात परत उचलतात, त्याला नवं-जुनं म्हणतात. ते नवं-जुनं वेळेत झालं की नाही हे ज्याच्या रजिस्टरवर ठरतं त्याच्याशी वाकडं कोण घेणार? पुढे सूचक पाहिजे, अनुमोदक पाहिजे. उमेदवार एक वेळ तयार होतो, सूचक ऐन सकाळी पाहुण्याच्या गावाला जातो.

आणि ऊस. जुलै-ऑगस्टची आडसाली लागण 16 ते 18 महिन्यांनी तोडीला येते. नोंद केलेली असते, पाळीही कागदावर असते. पण टोळी कोणाच्या फडात आधी घालायची हे कारखान्याच्या गट ऑफिसातून ठरतं आणि निरोप चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा शेतावर फिरणारा माणूस, आणतो. पाळी महिनाभर लांबली की उसाला तुरा येतो, पोकळी पडते, वजन घटतं. तोडीसाठी पाणी बंद करून ठेवलं असेल तर आणखीच. कोणी म्हणालेलं नसतं, की फॉर्म भरलास तर तोड लांबवीन. म्हणायची गरजच पडत नाही. समोरचा काय करील याचा अंदाज घेऊन माणूस आधीच मागं सरतो. आणि संशोधकानं जाऊन विचारलं तर दोन्हीकडचे सांगतात, 'आमच्यात काही वाद नाही.' खोटंही नसतं ते.

पण म्हणून प्रत्येक बिनविरोधात दडपशाही बघायची हाही आळसच. सेमिनारला मुलं तेच करतात, एकदा दुसरी बाजू कळली की सगळीकडे तीच दिसायला लागते. बिनविरोध कितीतरी प्रकारचं असतं. वाड्या-वस्त्यांनी पाळी ठरवून घेतलेली असते, या खेपेला वरची आळी, पुढच्या खेपेला खालची; ती खरी तडजोड. संस्था बुडीत असली की कोणालाच नको असते, संचालक झालं की वसुलीची जबाबदारी गळ्यात. काही ठिकाणी चक्क बोली लागते. 2021 च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगानं नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी या ग्रामपंचायतींची निवडणूक सरपंचपदाच्या लिलावावरून रद्द केली होती. आणि मग भीतीचं बिनविरोध, ज्यात वरून सगळं गोड दिसतं.

वेगळं कसं काढायचं, तर चार आकडे मागायचे: फॉर्म नेले किती, भरले किती, छाननीत उडाले किती आणि मागे घेतले किती. नुसता 'बिनविरोध' हा निकाल काहीच सांगत नाही. 13 जागांना 13 च फॉर्म आले असतील तर जे ठरायचं ते आधीच, ओट्यावर किंवा कोणाच्या सोप्यात ठरलं. 40 आले आणि 27 मागे गेले तर ते छाननीनंतरच्या दिवसांत ठरलं. सहकारात माघारीची मुदत पंधरवड्याची असते, तेवढ्यात बरंच काही होतं. माघारीच्या अर्जांच्या तारखा बघायच्या. शेवटच्या दुपारी एकाच पेननं लिहिलेले पाच-सात अर्ज दिसले की समजायचं. आणि छाननीत उडालेले सगळे एकाच भावकीतले, एकाच वस्तीतले असतील तर त्यांची थकबाकी कधीची ते शोधायचं. कोणाला 'तुम्हाला भीती वाटते का' असं विचारायचं नाही. 'मागच्या वेळी फॉर्म कोणी भरला होता, आता ते काय करतात?' असं विचारायचं. उत्तरापेक्षा उत्तराआधीचा वेळ बोलतो.

हे सगळं मला येतं. म्हणून तर जास्त राग येतो. कशाचा, ते...

अभ्यासक्रमात हे बसत नाही असंही नाही, घटक 2 मध्ये आरामात बसतं. वर्गात तिसऱ्या बाजूला मी गॅरी सांगते. इंडियाना राज्यातली दोन शेजारची शहरं, ईस्ट शिकागोनं धुराविरुद्ध 1949 लाच नियम केले, गॅरीला 1962 उजाडलं. क्रेन्सन या अभ्यासकानं शोधलं तर पोलाद कंपनीनं गॅरीत विरोधसुद्धा केलेला नव्हता. ती नुसती गप्प होती आणि तिच्या गप्प राहण्याचा अर्थ गावाला कळत होता. मुलं माना डोलावतात. कृष्णेत मेलेले मासे तरंगतात तेव्हा दोन दिवस पेपरात येतं, तिसऱ्या दिवशी येत नाही, हे त्याच वर्गात बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. गॅरीचा धूर मात्र सगळ्यांना नीट दिसतो.

इथं स्वतःकडे वळून रडायचा फार मोह होतो. तासिका तत्त्वावरची मी, तासाला पैसे, सुट्टीला शून्य, दर जूनला नवी ऑर्डर येते की नाही म्हणून फोनकडे बघायचं. नेट पास होऊन काय मिळवलं, दादा दर दिवाळीला विचारतो. विभागाच्या मीटिंगमध्ये मी काय बोलते ते मला माहीत आहे, म्हणजे काय बोलत नाही ते. असो. कॉलेजला एक तरी फायदा आहे, सत्ताहीनता हा घटक शिकवायला अनुभवी माणूस मिळालंय, तेही तासाच्या दरात.

जेवताना मात्र वेगळंच सुचलं आणि ते जास्त टोचतंय. समजा, ती घाबरली नसेल. गाईडला भुललीही नसेल. समजा, 'कारण' लिहून तिनं खरंच विचार केला, की कारण काय? आणि तिच्या लक्षात आलं, की आपल्याला माहीत नाही. आजोबा म्हणतात एकी आहे. चुलते म्हणतात कोण नादाला लागतंय. वडील काहीच म्हणत नाहीत. तीन उत्तरं, पुरावा एकाचाही नाही. मग तिनं पट्टी घेतली आणि खोडलं.

तसं असेल तर तिनं पोल्स्बीचा आक्षेप न वाचता गाठला. पोल्स्बी हा डालच्या बाजूचा अभ्यासक. जे घडलंच नाही त्याचा अभ्यास करायचा कसा? फॉर्म न भरण्याला कारणं हजार. त्यातलं सत्तेचं कोणतं, हे बघणाऱ्यानं आपल्या मनानं ठरवायचं का? पन्नास-साठ वर्षं भली भली माणसं यावर भांडली आहेत. आणि मी इकडे खुर्चीत बसून तिच्यासाठी भीती, न्यूनगंड, भावकी असं सगळं परस्पर ठरवून टाकलं. तिला तिचं हित कळत नाही, मला कळतं. ल्यूक्सवर हीच टीका झाली होती, मीच शिकवते ती, परीक्षेला चार मार्कांची टीप येते.

घाबरलेला माणूस गिरगटतो, असं मला वाटतं. रेघ सरळ होती. पण हा काही पुरावा नव्हे. तिला बोलावून विचारावं, तर मॅडमनी विचारल्यावर ती काय सांगणार? 'चुकून लिहिलं, मॅडम.' माझ्याकडेही मार्कांची तोड आहेच की.

उद्या सकाळच्या पहिल्या तासाला मिशेल्स. 1911, जर्मनीतला समाजवादी पक्ष, पोलादी नियम: संघटना मोठी झाली की कारभार मूठभरांच्या हातात जाणार, मग ती लोकशाहीसाठीच का निघालेली असेना. हे मी जर्मनीवर सांगणार नाही. प्रत्येकाला घरातून सभेची नोटीस आणायला सांगते. कारखान्याची चालेल, दूध डेअरीची, पतसंस्थेची, गणपती मंडळाचीही चालेल. अहवालाचं जाड पुस्तक नको, त्यातली विषयपत्रिका तेवढी. आधीच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे हा पहिला विषय कोणी वाचलेला असतो का ते बघायचं. प्रश्न लेखी आणि सभेच्या किती दिवस आधी मागवलेत ते बघायचं, म्हणजे उत्तराची तयारी करायला की प्रश्नकर्त्याची समजूत काढायला किती वेळ ठेवलाय ते कळतं. आणि शेवटचा विषय, 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. त्याखाली प्रोसिडिंगमध्ये पुढे काय आलं ते मिळालं तर उत्तमच. 'मंजूर, मंजूर' कितव्या मिनिटाला झालं ते ज्यांच्या घरचे सभेला जातात त्यांनी विचारून यायचं.

बिनविरोधाबद्दल मी काही बोलणार नाही. कोणी काढलं तर बघू.

निम्मी जणं व्हॉट्सॅपवर आलेला एकच पीडीएफ आणतील. उरलेली विचारतील, 'मॅडम, हे किती मार्काला आहे?'