रॉथशिल्ड तुमचे कोण?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लग्नात विचारलंत, लोकलमध्ये विचारलंत, एकदा तर दाढ काढताना विचारलंत. "तुम्ही ज्यू ना? मग ते बँकवाले रॉथशिल्ड तुमचे कोण?" त्यामागून जे हसू येतं त्याचा अर्थ मला पाठ आहे: ह्याच्याकडे पैसा असणार, दाखवत नाही एवढंच.

माझं उत्तर ठरलेलं होतं. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले शनवार तेली. पणजोबांचा अलिबागजवळ घाणा होता, शनिवारी बैल मोकळा. बँक कसली, पणजोबांनी सावकाराकडून काढलेलं कर्ज आजोबांनी फेडलं. मुंबईचे ससून खरे श्रीमंत, पण बगदादहून आलेल्या त्या ज्यू मंडळींना आमच्याशेजारी कबरसुद्धा नको होती. एवढं बोललो की समोरचा हसायचा, मीही हसायचो, विषय मिटायचा. चांगलं उत्तर होतं. पस्तीस वर्षं चाललं.

मग मुलीकडे पॅरिसला गेलो. बरोबर ऑफिसातला जुना मित्र होता. आमच्या घरी मलिदा, म्हणजे आमचा गोड पोह्यांचा प्रसादविधी, असला की पोह्यांच्या ताटाशी सगळ्यांच्या आधी बसणारा. मुलीने पार्क मोंसोजवळचं एक घर दाखवायला नेलं, कामोंदोंचं. यांची पेढी 1802 सालची, इस्तंबूलची. तिथल्या सुलतानाच्या सरकारला कर्ज देणारी. पॅरिसला आले ते 1869 मध्ये. त्यांना 'पूर्वेचे रॉथशिल्ड' म्हणत. ससूनांनाही तेच म्हणत. श्रीमंत ज्यू म्हटला की लोकांना दुसरं नावच आठवत नाही.

मोईझ कामोंदोने हे घर बांधून अठराव्या शतकातल्या फ्रेंच वस्तूंनी भरलं. खुर्च्या, गालिचे, पक्षी रंगवलेली सेव्हरची चिनीमाती. राजवाड्यात शोभावं असं. मला विचाराल तर सर्वांत बघण्यासारखं तिथलं स्वयंपाकघर, तांब्याची भांडी ओळीने टांगलेली. मुलाचं नाव निसीम. आमच्या घराण्यात दोन निसीम झाले, म्हणून पाटीवरचं नाव वाचून उगाच घरच्यासारखं वाटलं. हा निसीम फ्रेंच वायुदलात होता, 1917 मध्ये लढाईत विमानासकट पडला. बापाने पेढी बंद केली. 1935 मध्ये जाताना घर, वस्तू, सगळं देशाला देऊन गेला. अट एकच: मुलाचं नाव द्या आणि काही हलवू नका.

दाराशी एक संगमरवरी फलक आहे. मुलीने वाचून अर्थ सांगितला. मोईझची मुलगी बेआत्रिस, तिचा नवरा लेओं रेनाक, मुलं फॅनी आणि बेरत्रां. जर्मनांनी यांना 1943-44 मध्ये हद्दपार केलं, ऑशविट्झमध्ये मेले. 'जर्मनांनी' एवढंच. बेआत्रिस आणि फॅनीला 1942 च्या डिसेंबरात पॅरिसजवळच्या द्रांसीच्या छावणीत टाकलं, तेव्हा तिथे पहाऱ्यावर फ्रेंच पोलीस होते. ज्यूंना नोकऱ्यांतून काढणारा 1940 च्या ऑक्टोबरातला कायदाही फ्रेंच सरकारचाच. फलकाला ते आठवत नाही.

मित्र फलकाकडे बघत होता. म्हणाला, "अरे, एवढा पैसा होता तर वेळेवर निघून का नाही गेले? पैसा सोडवला नसेल." दुष्टपणा नव्हता त्यात. वरण थोडं अळणी झालंय म्हणावं, तसं म्हणाला.

मला काय म्हणता आलं असतं? पैसा सोडवत नसता तर हे घर सरकारला कशाला दिलं असतं, हे म्हणता आलं असतं. ज्या देशासाठी भाऊ मेला तो देश आपल्याला धरून देईल असं बहिणीला का वाटावं, हेही. त्याऐवजी माझ्या तोंडून आलं, "हो ना. आम्ही नाही हां तसले. आम्ही तेली." सवयीने आलं. मित्र हसला. मुलगी हसली नाही, कोट घ्यायला गेली.

त्या रात्री तिने लेओंबद्दल सांगितलं. बेआत्रिसच्या आईचं, इरेनचं, लहानपणीचं चित्र चित्रकार रन्वारने काढलेलं होतं. तिचे वडीलही ज्यू बँकर, त्यांनीच ते काढवलं होतं. 1941 मध्ये जर्मनांनी ते उचललं. लेओंने सरकारी संग्रहालयांच्या प्रमुखांना पत्र लिहिलं: आमच्या घराण्यांनी फ्रान्सला काय काय दिलं ते बघा, चित्र परत मिळू द्या. बेआत्रिस तर 1942 मध्ये कॅथलिक झाली. जर्मन अधिकाऱ्यांबरोबर घोड्यावरून फिरायची म्हणतात. लेओं आणि दोन्ही मुलांची गाडी 1943 च्या नोव्हेंबरात सुटली. फॅनी तेवीस, बेरत्रां वीस. बेआत्रिसची सुटली पुढच्या मार्चमध्ये. चित्र मात्र वाचलं. इरेनही वाचली. युद्धानंतर तिने ते परत मिळवलं आणि विकलं, जर्मनीला शस्त्रं पुरवलेल्या एका कारखानदाराला.

'आम्ही तसले नाही' हे लेओंने पत्रात लिहिलं, मी त्याच्याच दारात तोंडाने म्हणालो. फरक एवढाच, त्याच्या मानेवर सुरी होती आणि माझ्यापुढे फक्त एक मित्र. इतकी वर्षं मी जे हसत सांगत होतो त्याचा अर्थ असा निघतो, की तसले असतो तर तुमचं बरोबर होतं.

आता माझ्यातला जुना माणूस लगेच भांडायला उठतो. म्हणतो, अरे, तू खोटं काय बोललास? घाणा होता, कर्ज होतं. कोकणात कोणी आपल्याला धर्मावरून त्रास दिला नाही, मग युरोपचं दुखणं अंगाला का लावून घेतोस? आणि त्या बेआत्रिसने तरी तुला आपला म्हटलं असतं का? नसतं म्हटलं, बहुधा दारसुद्धा उघडलं नसतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. मित्राशीही त्यानंतर यावर बोललो नाही. परवाच्या मलिद्याला तो आला, ताटाशी पहिला बसला, खोबरं जास्त वाढून घेतलं.

गेल्या महिन्यात ठाण्यात एका लग्नात एका गृहस्थांनी तोच प्रश्न टाकला. मी म्हणालो, "हो, रॉथशिल्ड आमचेच." बायकोने कोपर मारलं. गृहस्थ खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले, "मग सांगा ना काका, सध्या सोन्यात घालू की फंडात?"