कडप्प्याच्या ओट्यात नवे सिंक

आमचे नागपूरच्या महाल भागातले घर जुने आणि स्वयंपाकघरातला ओटा कडप्प्याचा आहे. त्यातले स्टीलचे सिंक गेल्या मे महिन्यात मी स्वतः बदलले. खालच्या कपाटातली फळी कुजू लागली होती आणि डब्यांच्या बुडाशी रोज ओल दिसत असे. सिंकला भोक पडले असावे, असा घरात सगळ्यांचा समज होता. मात्र टॉर्च घेऊन आत वाकून पाहिले, तेव्हा भांडे शाबूत निघाले. पाणी झिरपत होते ते सिंकची कड आणि दगड यांच्या मधल्या फटीतून. तिथे कोणे एके काळी भरलेला पांढरा सिमेंट भुगा होऊन निघून आला होता. कडेचा पत्रा त्या ओलीने गंजून पातळ झालेला असल्यामुळे सिंक बदलणे भागच होते, पण खरे काम त्या फटीचे आहे हे तेव्हाच कळले.

माप घेताना जुन्या सिंकचे बाहेरचे माप उपयोगाचे नसते. दगडातला काप खालून मोजावा लागतो, कारण नव्या सिंकची कड त्या कापाच्या बाहेर सर्व बाजूंनी टेकली पाहिजे. आमचा काप 23 बाय 17 इंच भरला, म्हणून 24 बाय 18 चे सिंक घ्यायचे ठरले. दगडावर टेकायला प्रत्येक बाजूला जेमतेम अर्धा इंच मिळत होता, तेवढा पुरतो. इतवारीतल्या दुकानात दोन सिंके दिसायला सारखीच होती आणि किमतीत मात्र बराच फरक होता. एक 304 प्रतीचे होते, ज्यात सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते; दुसरे 202 चे, ज्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेले असते आणि जे मिठाच्या, आंबट पाण्याने लवकर डागते. पुष्कळ लोक चुंबक लावून पाहतात, पण या दोन्हींना चुंबक जवळपास चिकटत नाही, त्यामुळे त्या परीक्षेने या दोघांतला फरक कळत नाही. बिलावर प्रत लिहून घेणे, हाच उपाय मला पटला.

जुने सिंक काढण्यात अख्खी सकाळ गेली. छिन्नीचा घाव दगडाकडे बसला तर कडप्प्याचा टवका उडतो, म्हणून उरलेला सिमेंट मी जुन्या सुरीने आणि पत्र्याच्या पट्टीने खरवडून काढला. मग कड कोरडी केली, स्पिरिटच्या फडक्याने पुसली आणि रात्रभर वाळू दिली. त्या ओल्या, तेलकट कडेवर काहीही चिकटले नसते.

यानंतरची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. फट बुजवायला दुकानदाराने प्रथम जे सिलिकॉन हातात दिले, त्याला व्हिनेगरसारखा वास येत होता. ते सुकताना ॲसिटिक आम्ल सोडते. कडप्पा हा मुळात चुनखडीचा दगड आहे. लिंबाचा रस सांडला की ओट्यावर पांढुरका डाग उमटतो, हे आमच्या सासूबाई कायम सांगत आल्या आहेत. तोच डाग सिंकच्या चारही बाजूंना पडू नये आणि पकड सैल होऊ नये, म्हणून मी ते परत करून न्यूट्रल, म्हणजे आम्ल न सोडणारे, सिलिकॉन मागून घेतले. सिंकच्या कडेखाली त्याची अखंड दोरी ओढली, सिंक सरळ खाली दाबले आणि आत फळी टाकून तिच्यावर पाटा-वरवंटा ठेवला. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होते आणि नागपूरची मे महिन्यातली हवा कमालीची कोरडी असते. घरात दिवसभर वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालू होता, त्याचा येथे उपयोगच झाला. तरीही मी दोन दिवस सिंक वापरू दिले नाही आणि भांडी मागच्या मोरीवर घासली.

खालची जोडणी त्यामानाने सोपी होती. नळाखालचा अँगल कॉक बंद करून टेफ्लॉन टेप गुंडाळली. जुना लवचीक पाइप झोळीसारखा लोंबत असे आणि त्यात तर्रीचे तेल साचत असे, म्हणून तो टाकून बॉटल ट्रॅप बसवला. त्याच्या पोटात साचून राहणारे पाणी गटाराचा वास आणि झुरळे वर येऊ देत नाही, मात्र उन्हाळ्यात घर बंद ठेवून महिनाभर गावाला गेलो की ते आटते, तेव्हा परतल्यावर आधी तांब्याभर पाणी ओतायचे. सिंकच्या भोकात बसणाऱ्या वेस्ट कपलिंगचा नट मी पहिल्यांदा पान्याने फार आवळला आणि आतला रबरी वॉशर मुरडून थेंब गळू लागला. नट सोडवून, वॉशर सरळ करून हाताने फिरवला आणि पान्याने फक्त पाव फेरा दिला.

शेवटी कपाटात वर्तमानपत्र पसरले, सिंक काठोकाठ भरले आणि बूच एकदम काढले. पाणी भोवरा करत खाली गेले. वर्तमानपत्र कोरडे राहिले. फळी मात्र नवीन टाकावी लागली.