पंधरा एप्रिलच्या अलीकडे आणि पलीकडे

अमेरिकेच्या आयोवा राज्यातील आमच्या ग्रामीण काउंटीत (जिल्ह्यात) मी काही शेतकऱ्यांचे हिशेब पाहते. मे २०२०च्या अखेरीस शेजारचे एक पशुपालक जनावरांच्या लिलावाची पावती घेऊन आले, ती माझ्यासमोर टेबलावर ठेवून त्यांनी तारखेवर बोट टेकवले आणि विचारले, "दोन दिवसांनी एवढा फरक?" पावतीवर १७ एप्रिल ही तारीख होती आणि प्रत्येकी ६०० पौंडांहून अधिक वजनाची ४० जनावरे विकल्याची नोंद होती.

महासाथीतील मदतीसाठी केंद्रीय कृषी खात्याने १६ अब्ज डॉलर थेट शेतकऱ्यांना देण्याचे जाहीर केले होते. मात्र हा पैसा दोन वेगळ्या कायद्यांखालील दोन तिजोऱ्यांतून येत होता. १५ जानेवारी ते १५ एप्रिल या काळात झालेल्या विक्रीची भरपाई एका निधीतून होणार होती, तर १६ एप्रिल ते १४ मे या काळात गोठ्यात असलेल्या जनावरांची दुसऱ्या निधीतून. पहिल्या निधीचा दर या वजनाच्या जनावरामागे १३९ डॉलर होता आणि दुसऱ्याचा ३३ डॉलर. म्हणजे शेजाऱ्यांनी दोन दिवस आधी विक्री केली असती तर त्यांना ५,५६० डॉलर मिळाले असते. आता वाट्याला १,३२० आले. जानेवारीत, साथीची झळ बाजाराला लागण्यापूर्वीच जनावरे विकणाऱ्यालाही वरचाच दर लागू होता आणि मांसप्रक्रिया कारखाने बंद पडू लागल्यावर नाइलाजाने विकणाऱ्याला खालचा, हे मला आजही पटत नाही. पैसा कोणत्या कायद्यातून आला हा सरकारी हिशेबाचा प्रश्न आहे; त्याचा भुर्दंड गोठ्यावर का पडावा?

भाजीपाला पिकवणाऱ्यांची स्थिती याहून अवघड होती. त्यांच्यासाठीही मदतीच्या या पहिल्या फेरीत नुकसान १५ एप्रिलपर्यंतचेच धरले गेले, आणि तोवर आमच्याकडे उघड्या रानातून काही काढण्याजोगे नसतेच. उपाहारगृहांना पालेभाजी पुरवणाऱ्या एका शेतकरी बाईंचे सगळे ग्राहक मार्चमध्येच गेले होते, तरी अर्जात दाखवण्यासारखे नासलेले पीक त्यांच्याजवळ नव्हते. सप्टेंबरमध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या फेरीत भाजीपाल्यासाठी २०१९च्या विक्रीचा आधार घेतला गेला आणि पहिल्या ५० हजार डॉलरपर्यंतच्या विक्रीवर १०.६ टक्के दर ठरला, तेव्हा कुठे त्यांचा अर्ज भरता आला. ही पद्धत मला अधिक न्याय्य वाटली.

त्याच फेरीत १६ एप्रिल ते ३१ ऑगस्ट यांपैकी शेतकऱ्याने निवडलेल्या दिवशी असलेल्या जनावरांना, पैदाशीची वगळून, प्रत्येकी ५५ डॉलर मिळाले. शेजाऱ्यांसाठी आम्ही १६ एप्रिल हाच दिवस निवडला, कारण त्या रात्री ती चाळीसही जनावरे त्यांच्याच गोठ्यात होती. पुढे डिसेंबर २०२०च्या कायद्याने १६ एप्रिलनंतर गोठ्यात असलेल्या जनावरांसाठी पूरक रक्कम मंजूर केली आणि या वजनाच्या जनावरामागे आणखी २५.५० डॉलर आले. त्यासाठी नवा अर्जही करावा लागला नाही. तिन्ही रकमा मिळून ४,५४० डॉलर झाले. १५ एप्रिलपूर्वी विकणाऱ्याला पहिल्याच फेरीत मिळालेल्या रकमेपेक्षा त्या अजूनही १,०२० डॉलरने कमी होत्या.