सेलेनियमच्या डबक्याभोवती अडकलेला स्पीडी

आयझॅक आसिमॉव्हची 'रनअराउंड' ही विज्ञानकथा मार्च 1942 मध्ये छापून आली. यंत्रमानवाचे तीन नियम त्यात पहिल्यांदा सुटे करून मांडले गेले, पण खरी गंमत नियमांत नाही, त्यांच्या वजनांत आहे. बुध ग्रहावर स्पीडी नावाच्या यंत्रमानवाला डबक्यातलं सेलेनियम आणायला पाठवतात. हुकूम सहज, जोर न देता दिलेला, म्हणून हुकूम पाळण्याचा दुसरा नियम मवाळ. यंत्र महागडं, म्हणून स्वसंरक्षणाचा तिसरा नियम मुद्दाम कडक केलेला. डबक्याजवळ गेला की धोका त्याला मागे ढकलतो, लांब गेला की हुकूम पुढे ओढतो. दोन्ही ओढी जिथे सारख्या, तिथेच तो गोल गोल फिरत राहतो.

हे निव्वळ कल्पनेतलं नाही. रोबोट-संशोधक ओसामा खातिब यांनी 1986 मध्ये मांडलेल्या, रोबोटला वाट दाखवण्याच्या पद्धतीत लक्ष्य रोबोटला ओढतं आणि अडथळा ढकलतो. दोन्ही बलं एकमेकांना छेदून शून्य झाली की रोबोट वाटेतच ठप्प. इंग्रजी यू आकाराच्या भिंतीत तर हमखास. उपाय म्हणजे थोडा यादृच्छिक धक्का द्यायचा, किंवा काही वेळ लक्ष्य विसरून भिंतीच्या कडेकडेने चालवायचं.

घरातला झाडू-रोबोट काळ्या सतरंजीच्या काठावर अडतो, त्याचं कारण मात्र वेगळं. पोटाखालचा सेन्सर इन्फ्रारेड प्रकाश सोडतो, काळा रंग तो शोषतो, परत काहीच येत नाही, आणि बिचाऱ्याला वाटतं पुढे जिन्याची पायरी आहे. सेन्सरवर धूळ साचली तरी हाच घोळ, तेव्हा आधी कोरड्या फडक्याने पुसून बघा. सेन्सरवर पट्टी चिकटवायचा जुगाड जिना असलेल्या घरात नकोच.