लायटेकची फाइल आणि आमची 48 घरं

अमेरिकेतल्या एका ना-नफा गृहनिर्माण संस्थेत मी हिशेबाचं काम बघते. 48 भाड्याच्या घरांची इमारत बांधायची ठरलं आणि ‘लायटेक’ची फाइल माझ्या टेबलावर आली. अल्प उत्पन्नवाल्यांच्या घरांसाठीचं हे टॅक्स क्रेडिट 1986 च्या करसुधारणा कायद्यातून आलेलं.

मला वाटलं होतं, सरकार अनुदान देणार. कसलं काय! मिळते ती दहा वर्षं करात सूट, आणि आमच्या संस्थेला मुळात करच नाही. म्हणून ती सूट घ्यायला एखादी बँक गाठायची आणि बदल्यात बांधकामासाठी भांडवल मिळवायचं. त्यासाठी भागीदारी होते. कागदोपत्री 99.99 टक्के वाटा गुंतवणूकदाराचा, 0.01 टक्का आमचा, डोकेदुखी मात्र पूर्ण आमची.

समजा पात्र खर्च, म्हणजे क्रेडिट मोजताना धरला जाणारा खर्च, 1 कोटी डॉलर आणि सगळी घरं अल्प उत्पन्नवाल्यांची. 9 टक्क्यांनी वर्षाला 9 लाख, दहा वर्षांत 90 लाखांचं क्रेडिट. गुंतवणूकदारानं डॉलरमागे 85 सेंट दिले तर हाती 76.5 लाख. बाकीचं कर्जातून उभं करायचं. पात्र खर्चात जमिनीची किंमत धरत नाहीत. मी धरली होती! साहेबांनी काही न बोलता कागद परत माझ्याकडे सरकवला.

हे 9 टक्केवालं क्रेडिट मोजकंच असतं. राज्याची गृहवित्त संस्था अर्जांना गुण देऊन वाटते. पहिल्या वर्षी झोनिंगच्या, म्हणजे त्या जागेवर अशी इमारत चालते असं सांगणाऱ्या पत्रावरची तारीख मुदतीनंतरची निघाली, गुण गेले, यादीत नाव नाही. करमुक्त बाँडसोबत मिळणारं 4 टक्केवालं होतं, पण त्यात तूट फार मोठी राहत होती. वर्षभर थांबलो.

पुढच्या वर्षी नाव लागलं आणि घड्याळ सुरू झालं. 12 महिन्यांत अपेक्षित खर्चाच्या 10 टक्क्यांहून जास्त खर्च करून दाखवायचा. गंमत म्हणजे इथे जमीन धरतात! तिच्याच खरेदीनं आम्ही तरलो. क्रेडिट मिळालेलं वर्ष सोडून पुढच्या दुसऱ्या वर्षाअखेर इमारत वापरायोग्य झाली पाहिजे. आमची डिसेंबरात झाली.

खरं अवघड काम भाडेकरूंचे अर्ज तपासताना लागलं. पगाराच्या पावत्या, ओव्हरटाइम, बँक खाती, सगळं जोडायचं. आमची उत्पन्नाची मर्यादा त्या भागातल्या मध्यक उत्पन्नाच्या (निम्मी कुटुंबं ज्याच्या वर, निम्मी खाली, त्या आकड्याच्या) 60 टक्के. भाडं त्या मर्यादेच्या 30 टक्क्यांच्या आत, वीज-पाण्याचा अंदाजी खर्च धरून. भाडेकरूच्या स्वतःच्या पगाराचे 30 टक्के नव्हेत. हा फरक समजावताना माझा आवाज दरवेळी खाली जायचा, कारण सगळ्यात गरीब माणूस नेमका इथेच अडतो आणि या योजनेतलं मोठं भगदाड हेच आहे असं मला वाटतं.

एका बाईंनी विचारलं, “कामाचे तास कमी झाले तर भाडं कमी होईल ना?” मी नाही म्हटलं. त्यांच्याकडे सरकारी भाडे-व्हाउचर होतं, म्हणजे भाड्याचा काही भाग सरकार भरणार, आणि व्हाउचर आहे म्हणून आम्हाला कुणाला नाकारता येत नाही. त्यांचं जमलं. त्यांच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाकडे व्हाउचर नव्हतं. त्यानं भाड्याचा तक्ता नीट वाचला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि अर्ज न भरताच गेला.