रोप लावणीच्या दिवसांतला प्रबंध

सोमवार, रात्री

आज फिजिओथेरपीचं क्लिनिक जवळपास रिकामंच. पाऊस धरून बसलाय आणि बेळगावच्या वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात रोप लावणी जोरात आहे. बळ्ळारी नाला फुगला की लावलेलं रोप पाण्याखाली जातं आणि दुबार लावणीची पाळी येते, म्हणून जरा उघडीप मिळाली की अख्खं घर शेतात. अशा दिवसांत कुठली बाई सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा गुडघ्याच्या व्यायामाला येणार? आणि माझ्या प्रबंधात नेमक्या ह्याच बायका आहेत. वय 45 ते 65, गुडघ्याची झीज, एक्स-रेवर दुसरी किंवा तिसरी ग्रेड.

एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीतली मास्टर्स, दोन वर्षांची. त्यातही सिनॉप्सिस म्हणजे प्रबंधाचा आराखडा, मग एथिक्स कमिटी, मग सीटीआरआय ह्या देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत नोंदणी. ती झाल्याशिवाय पहिला पेशंट घेता येत नाही. हे सगळं होईपर्यंत मिरग उलटून गेला. गाइड मॅडमनी विचारलं, "ड्रॉप-आउट धरलेत ना?" मधेच सोडून जाणारे धरलेत, दहा टक्के. दहा टक्क्यांत लावणी बसत नाही.

मंगळवार

आज कॉलेजच्या ओपीडीत एका मावशींचा वोमॅक भरला. कॅनडातल्या दोन विद्यापीठांचं नाव मिरवणारी ही प्रश्नावली जगभर गुडघेदुखीसाठी वापरतात. एकूण 24 प्रश्न: दुखण्याचे 5, आखडण्याचे 2, रोजच्या हालचालींचे 17. दुखण्याचे प्रश्न झरझर झाले. "जिना उतरताना?" "लई दुखूलाय." "रात्री झोपेत?" "दुखूलाय की."

मग हालचाली. मोटारीत चढताना-उतरताना किती त्रास होतो? मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मोटार कुणाची? बस चालेल का, असं त्यांनीच विचारलं. मोजे घालताना? मोजे काढताना? हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दोन्हीचे गुण वेगळे. मावशींनी जन्मात मोजे घातलेले नाहीत. टबात उतरताना? इथं मी बादलीजवळ बसण्यावर भागवलं.

बरं, ज्या कामानं त्यांचा गुडघा उतरतो ते कुठंच नाही. पोटरीभर चिखलात पाय रुतवून वाकून मागं मागं सरकत जायचं, रुतलेला पाय उपसताना गुडघ्याला पीळ बसतो. बांधावर उकिडवं बसून जेवायचं, आणि तिथून कशाचाही आधार न घेता उठायचं. भारतीय परिस्थितीला जुळवलेल्या आवृत्त्या आहेत, त्यात मांडी घालून बसणं वगैरे येतं. पण माझ्या सिनॉप्सिसमध्ये मंजूर झाली ती मूळचीच, आणि मधेच बदलायची सोय नाही. मोज्यांपुढे मावशींनी "त्रास नाही" सांगितलं, मी शून्य लिहिला. कागदावर त्यांचा गुडघा थोडा बरा दिसतोय.

गुरुवार

दिवसभर लायब्ररीत वाचत होते. गुडघ्याच्या झिजेवर जगभरच्या मार्गदर्शक सूचना एका सुरात सांगतात: व्यायाम, वजन कमी करणं आणि पेशंटला आजार नीट समजावणं हा पाया. शेक आणि करंट ह्यांना पुरावा तुलनेनं तोकडा. मी हे छान उतरवून काढलं. साडेपाचला कॉलेजमधून सुटून वडगावात क्लिनिकला आले आणि पहिल्याच काकूंना आयएफटीचे, म्हणजे दुखण्यावरच्या करंटच्या मशीनचे पॅड लावले. त्यानंतरच्यांना हॉट पॅक.

करंट दिला नाही तर काकू पुन्हा येणार नाहीत. "नुसतं पाय उचलायला मी हितं कशाला येऊ, घरी उचलते की," असं मागे एकीनं तोंडावर सांगितलं होतं. खरंच आहे तिचं, आणि घरी ती उचलणार नाही हेही तितकंच खरं. क्लिनिकचा पैसा मशीनवर चालतो, त्यातूनच माझा वाटा येतो आणि फीचा हप्ता जातो. म्हणून मी पॅड लावते आणि ती दहा-पंधरा मिनिटं वाया घालवत नाही. पॅड लागलेले असतानाच गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायला लावते, दहा आकडे मोजायचे आणि सोडायचं. काकूंना वाटतं करंटनं गुण आला. वाटू दे.

आत्या फोनवर म्हणाली, कॉलेज आणि नोकरी, दोन्हीचा वेळ कसा जमवतेस? वेळ जमतो. सकाळी ज्याला पुरावा तोकडा म्हणून लिहायचं, तेच संध्याकाळी हसतमुखानं द्यायचं, ह्याला डोकं जास्त लागतं.

उजवा अंगठा परत दुखतोय. दिवसभर दाब द्यायचा आणि रात्री टायपिंग.

शनिवार

मॅडमशी बोलले. वोमॅक तसाच राहणार. पण चिखलात उभं राहणं आणि उकिडवं बसून उठणं ह्यांची वेगळी नोंद ठेवायला त्यांची हरकत नाही, फक्त एथिक्स कमिटीकडे सुधारणेचा अर्ज टाकायचा आणि मंजुरी येईपर्यंत काही लिहायचं नाही. संमतीपत्र मराठी आणि कन्नड दोन्हीत पुन्हा छापावं लागेल. छपाईचा खर्च माझाच, हे न बोलता कळलं.

रविवार

दुपारी फोन आला. वडगावातल्याच एक मावशी, प्रबंधातल्या. "रोप लावून झालं की येतो मॅडम, आता पाऊस पडूलाय." बसचा प्रश्नच नाही. कर्नाटक सरकारची शक्ती योजना आल्यापासून आधार कार्ड दाखवलं की बायकांना झिरो तिकीट मिळतं, आमच्या ओपीडीत त्या फरकानं गर्दी वाढली. फुकट बस आहे, वेळ नाही.

प्रबंधातल्या बायका चिठ्ठी काढून गटांत वाटल्यात. नियमाप्रमाणे ज्या गटाची चिठ्ठी निघाली त्याच गटात त्यांना मोजायचं, व्यायाम अर्धवट सोडला तरी. माझ्या तक्त्यात त्यांच्या नावापुढं "अपूर्ण" पडणार आणि निकाल तेवढा फिका होणार. त्यावर आज मी फार विचार केला नाही. त्यांना रात्री साडेआठची वेळ दिली, शेतातून आल्यावर, आंघोळ-जेवण उरकून. क्लिनिक त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. फीचं मात्र क्लिनिकच्या सरांशी अजून बोलायचंय.