जील्योवर बसलेला बँड : ब्रुकलिनच्या उत्सवातला एक रविवार

जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठी नाचताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना जील्यो म्हणजे काय ते फार समजावून सांगावं लागणार नाही. सुमारे 72 फुटांचा मनोरा, वजन चार टनांच्या आसपास, आणि तो खांद्यावर घेऊन शंभरावर माणसं रस्त्यात नाचतात. आपल्याकडे हलगीवाले काठीच्या पुढे वाजवत चालतात, इथे मात्र अख्खा बँड मनोऱ्यावरच बसलेला असतो. वादकांसकट उचलतात! मी मूळचा कोल्हापूरचा, आता न्यू जर्सीत एडिसनला राहतो. गेल्या जुलैत हे पहिल्यांदा पाहिलं. लहानपणी डोंगरावर काठी एका बाजूला कलली की पोटात जसा गोळा यायचा, तस्साच आला.

ठिकाण न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या विल्यम्सबर्ग या वस्तीतलं, अवर लेडी ऑफ माउंट कार्मेल चर्चच्या आसपासचं, म्हणजे हॅव्हमायर स्ट्रीट आणि नॉर्थ एट्थ स्ट्रीटचा परिसर. नेपल्सजवळच्या नोला गावाहून आलेल्या लोकांनी 1903 साली इथे हा उत्सव सुरू केला. नोलाचे बिशप सान पाओलिनो यांनी एका विधवेच्या मुलाला सोडवण्यासाठी स्वतः गुलामगिरी पत्करली, आणि ते सुटून परत आले तेव्हा गावकरी लिलीची फुलं घेऊन सामोरे गेले, अशी कथा आहे. जील्यो म्हणजे लिली. फुलांच्या त्या काठ्या वाढत वाढत मनोरे झाले. नोलाला आजही असे आठ मनोरे निघतात, आणि 2013 मध्ये युनेस्कोने या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली. ब्रुकलिनचा मनोरा एकच. धातूचा सांगाडा, त्यावर कागदाच्या लगद्याचे देवदूत, संत आणि फुलं, टोकाला स्वतः सान पाओलिनो. जुनं चर्च एक्सप्रेसवेसाठी पाडलं गेलं, वस्तीही खूप बदलली, बरीच घरं लाँग आयलंड नाहीतर जर्सीला गेली. पण उचलायच्या दिवशी माणसं परत येतात. बाप, मुलगा आणि नातू एकाच दांड्याखाली उभे असलेले मी पाहिले.

आता बँडबद्दल, कारण मी मुख्यतः त्याच्यासाठीच गेलो होतो. दक्षिण इटलीत गावच्या संताचा उत्सव बँडशिवाय होत नाही. ऑपेरा थिएटरपर्यंत न पोचणाऱ्या गावांना ऑपेराचं संगीत या बँडनीच ऐकवलं. गायकाची ओळ फ्लिकॉर्नो नावाचं पितळी वाद्य वाजवायचं. स्थलांतरितांनी देवाच्या मूर्तीबरोबर ही रीतही अमेरिकेत आणली, म्हणून न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फियाच्या बाजूला मिरवणुकीत वाजवणारे बँड अजून टिकून आहेत. बहुतेक वादक हौशी असतात. ज्या ट्रॉम्बोनवाल्याशी मी बोललो तो आठवडाभर शाळेत संगीत शिकवतो.

चौथऱ्यावर डझनभर वादक दाटीवाटीने बसतात, माइक घेतलेला एक गायकही असतो. खाली माणसं दांड्याला खांदा लावून गुडघ्यात वाकलेली. समोर काठी घेतलेला म्होरक्या, त्याला कापो म्हणतात. काठी वर गेली की वाजंत्री सुरू होते, उत्सवाचं ठरलेलं गाणं घुमतं, आणि एका ठरावीक ठोक्याला सगळे एकदम उठतात. ते उठणं गाण्याच्या अमुक एका जागीच होतं, आधी नाही, नंतर नाही. ट्रॉम्बोनवाला म्हणाला, ‘आम्ही कागदाकडे बघत नाही, काठीकडे बघतो. ताल सुटला तर खालच्यांची पावलं सुटतील.’ मी दोन हात अंतरावर होतो. मनोरा उचलला गेला तेव्हा ड्रमवाल्याच्या खुर्चीचे पाय चौथऱ्यावर किंचित सरकले. त्याने डाव्या पायाने खुर्ची अडवली, हात मात्र थांबले नाहीत. खाली ठेवताना सगळ्यांनी एकदम सोडलं. धप्प असा आवाज रस्त्यातून तळपायात आला, ट्रम्पेटवाल्याने वाद्य ओठापासून क्षणभर लांब धरलं, आणि पुन्हा लावलं. तेवढ्या त्या क्षणात कळलं की हा बँड शोभेसाठी नाही. मनोरा माणसं उचलतात, पण चालवतो बँड.

समोरून एक नाव येते. कथेत सान पाओलिनोंना सोडवणाऱ्या तुर्काची ती नाव, तीही खांद्यावरच, आणि तिच्यावरही वाजंत्री. दोघं तोंडासमोर येऊन नाचतात तो दिवसाचा कळस. त्यासाठी आधीपासून जागा धरून ठेवा.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. उत्सव जुलैमध्ये बरेच दिवस चालतो, पण मनोरा रोज उचलत नाहीत. माझा एक मित्र भलत्याच दिवशी जाऊन नुसता उभा मनोरा बघून आला. म्हणून जायच्या आधी त्या वर्षीचं वेळापत्रक चर्चकडून नक्की करून घ्या. मुख्य दिवस रविवार, दुपारी, मिसा म्हणजे चर्चमधली प्रार्थना झाल्यावर. एडिसनहून ट्रेनने पेन स्टेशन, तिथून ए, सी किंवा ई लाइनने चौदावा रस्ता, मग एल लाइन पकडून लॉरिमरला उतरायचं. न्यू जर्सीहून पाथ ट्रेनने येणाऱ्यांनाही चौदाव्या रस्त्यावर एल मिळते. शनिवार-रविवारी एल लाइनवर अनेकदा कामं चालू असतात, तेव्हा निघण्याआधी तपासा. गाडी नेऊ नका, रस्ते बंद असतात.

लवकर पोचलात तर सोनं. सकाळी बँड वस्तीतून फिरत म्होरक्यांना त्यांच्या त्यांच्या घरून घेत चर्चकडे येतो. तेव्हा गर्दी नसते, वादक मोकळेपणी बोलतात आणि वाद्यं जवळून बघता येतात. नंतर उभं राहायचं ते मनोऱ्याच्या पुढे आणि जरा बाजूला, जिथून कापोची काठी आणि ड्रमवाला दोन्ही दिसतील. मी पहिला तासभर मागे उभा होतो, तिथून फक्त पाठी दिसतात. दांड्यांच्या अगदी लगत जाऊ नका. मनोरा गोल फिरवतात तेव्हा बाजूच्या माणसांना पटकन मागे सरावं लागतं.

ऊन कडक असतं आणि सावली जवळजवळ नाहीच, त्यामुळे टोपी, पाणी हवंच. लहान मुलांना कानात घालायचे बोळे द्या, पितळ जवळून फार मोठं वाजतं. मुलांना खांदा लावता येईल असा लहान जील्योही वेगळ्या दिवशी निघतो, छोटी पोरं असतील तर तो दिवस बघा. खिशात रोख पैसे ठेवा. आम्ही शाकाहारी, त्यामुळे सॉसेजच्या ठेल्यांवरून पुढे जाऊन झेप्पोले घेतले. तळलेले गरम गोळे कागदी पिशवीत, वरून पिठीसाखर, पिशवी हलवायची आणि उभ्या उभ्या खायचे. भाताचे गोळे घेताना आत मांस आहे का ते विचारून घ्या, बऱ्याचदा असतं. मिसेला आत बसणार असाल तर खांदे झाकलेले असू द्या.

रविवार जमला नाही तर आठवड्यात एका रात्री दिव्यांच्या उजेडात पुन्हा उचलतात, ते अजून मी पाहिलेलं नाही. आणि जुलैच हुकला तर ऑगस्टमध्ये ईस्ट हार्लेमला, प्लेझंट ॲव्हेन्यू आणि 114 व्या रस्त्यावर, संत अँथनींचा जील्यो नाचतो. त्या रविवारची सुट्टी मी आत्ताच टाकून ठेवली आहे. कुणाला बरोबर यायचं असेल तर सकाळच्या पहिल्या गाडीने निघू.